इवलीशी टेकडी

ग्लासगोत राहायला आल्यापासून मी एका शब्दाचा धसका घेतलाय. ‘वी’. वी म्हणजे इवलंसं. वी चहा, वी पाऊस. शेजारच्या बाई म्हणाल्या, “डमगॉइन? ती तर वी टेकडी!” उंची ४२७ मीटर. आतकरवाडीहून सिंहगड चढलेला माणूस मी, मला कसली भीती!

लांबून टेकडी दिसतेही गरीब. हिरवीगार, गुबगुबीत, जवळ जाऊन थोपटावीशी. पायथ्याशी १८३३ पासूनची डिस्टिलरी आहे. तिथली व्हिस्की गाळतात हायलँडमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, आणि मुरवतात समोर लोलँडमध्ये, म्हणजे सखल भागात, कारण दोन्हींची हद्द मधल्या रस्त्यावरून जाते. जन्मभराची पायपीट काय, तर एक रस्ता ओलांडायचा. हेवा वाटला.

कुंपण ओलांडलं आणि चढ जो छातीवर आला तो हटेचना. स्कॉटलंडात २००३ च्या कायद्याने कुणाच्याही रानातून नीट वागून चालायचा हक्क आहे. तो बजावायला मी मळलेली वाट सोडून बाजूच्या मऊ गवतात पाय टाकला. पचक! घोट्यापर्यंत आत. वर गवत, खाली नुसतं पाणी. पाय निघाला, बूट राहिला. तो उपसत असताना पाठीवर निळा रंग फासलेली एक मेंढी रवंथ करत माझ्याकडे बघत होती, मुलगी बघायला आलेल्या मुलाकडे थोरल्या आत्या बघतात तशी.

तेवढ्यात सत्तरीच्या एक बाई कुत्र्यासह भराभर वर गेल्या. “लव्हली डे!” मग पाऊस आला, गेला, पुन्हा आला. बाई उतरतानाही तेच, “लव्हली डे!” मधल्या वेळात मी वीसेक पावलं टाकली होती. माथा आला म्हणून दोनदा फोटोसाठी केस सारखे केले, दोन्ही वेळा मागून आणखी टेकडी निघाली.

खरा माथा आला तेव्हा केस सारखे करायची सोयच नव्हती, असा वारा. सिंहगडावर एव्हाना कुणीतरी मडक्यातलं दही पुढे केलं असतं. इथे मी डबा उघडला आणि दशमीवरची शेंगदाण्याची चटणी थेट डोळ्यांत. डोळे पुसून होईपर्यंत खालचं लॉक लोमंड सरोवर ढगात गेलेलं.

घरी आलो तर शेजारच्या बाई दारातच. “आता पुढच्या रविवारी बेन लोमंड! ९७४ मीटर. वी बिट उंच आहे, एवढंच.”