रडतोय म्हणजे दुःखातच आहे असं नसतं

थोडं लांब लिहितोय, पण बरेच दिवस डोक्यात आहे म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

स्ट्रोक आला, अ‍ॅक्सिडेंटमध्ये डोक्याला मार बसला, ट्यूमरचं ऑपरेशन झालं की सगळ्यांचं लक्ष हातापायाकडे असतं. हात हलतोय का, बोलता येतंय का, गिळता येतंय का. आणि ते बरोबरच आहे. पण पुढे काही महिन्यांनी माणूस चालायला बोलायला लागला, रिपोर्ट चांगले आले की घरात एक वेगळंच प्रकरण सुरू होतं, ज्याबद्दल कुणी आधी काही सांगितलेलंच नसतं. बाई कशानेही रडायला लागते. बाप मुलीच्या लग्नाच्या बातमीवर नुसतं 'बरं' म्हणतो. आयुष्यात कधी आवाज न चढवलेला माणूस साध्या गोष्टीवरून अंगावर धावून येतो. आणि मग नातेवाईकांची निदानं सुरू होतात, लाडावलाय, नाटकं करतोय, मनावरच घेत नाही, आधीपासून असाच असेल आता बाहेर आलं.

मला या 'मनावर घेत नाही' चा भयंकर राग येतो. अरे मनावर घ्यायचं कशाने? ज्या अवयवाने मनावर घ्यायचं त्यालाच तर मार लागलाय ना!

आमच्या मामाला स्ट्रोकनंतर हे रडण्याचं झालं होतं. कुणी नुसतं 'कसे आहात' विचारलं तरी हुंदके. भेटायला येणारे पाठीवरून हात फिरवायचे, 'मन मोकळं करा' म्हणायचे, त्याने तो अजून रडायचा. एकदा जरा शांत असताना मला म्हणाला, अरे मला वाईट काही वाटत नाहीये, हे आपोआप सुरू होतं आणि थांबतच नाही, आणि लोक समजूत काढायला लागले की लाज वाटते ती वेगळीच. या प्रकाराला स्यूडोबल्बर अफेक्ट म्हणतात. स्ट्रोक, डोक्याची दुखापत, मल्टिपल स्क्लेरोसिस, एएलएस अशा मेंदू-मज्जातंतूंच्या बऱ्याच आजारांत दिसतो. हसण्या-रडण्याची शारीरिक क्रिया, म्हणजे चेहऱ्याचे स्नायू, श्वास, आवाज, ही चालवतो ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचा अगदी खालचा, देठासारखा भाग, आणि तिच्यावर मेंदूच्या वरच्या भागांचा ब्रेक असतो. मधलं वायरिंग तुटलं की ब्रेक लागत नाही. काहींना तर गंभीर बातमी ऐकून हसू फुटतं आणि आतून ते हादरलेले असतात, कल्पना करा त्या माणसाबद्दल घरचे काय बोलत असतील. यावर उपाय आहे हेच बहुतेकांना माहीत नसतं. डिप्रेशनवरची काही औषधं कमी डोसमध्येसुद्धा चालतात, आणि २०१० मध्ये अमेरिकेत डेक्स्ट्रोमेथॉर्फन आणि क्विनिडिन यांच्या एकत्र गोळीला खास यासाठी मंजुरी मिळाली. पण त्यासाठी आधी कुणीतरी हे लक्षण म्हणून डॉक्टरांच्या कानावर घालायला हवं, आपण तर त्याला हळवेपणा समजून बसतो.

आता याच्या बरोबर उलटं. अँटोनियो दमासिओ या न्यूरॉलॉजिस्टने एका पेशंटबद्दल लिहिलंय, एलियट हे त्याचं टोपणनाव. कपाळामागचा ट्यूमर काढला, त्यात पुढच्या भागाचं, फ्रंटल लोबचं नुकसान झालं. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, टेस्टमध्ये मार्क उत्तम. त्याला आगीची, पुरात बुडणाऱ्या माणसांची चित्रं दाखवली तर त्याने स्वतःच सांगितलं की पूर्वी अशा गोष्टींनी मला काहीतरी व्हायचं, आता होत नाही. आणि हाच माणूस साधे निर्णय घेऊ शकत नव्हता! कागद तारखेप्रमाणे लावायचे की विषयाप्रमाणे यात दुपार घालवायचा. नोकरी गेली, पैसा गेला, संसार मोडला. आपल्याला शिकवलं जातं की भावना बाजूला ठेवून विचार कर म्हणजे निर्णय चांगला होतो. याच्या भावना खरोखरच बाजूला गेल्या होत्या आणि कुठला पर्याय जास्त महत्त्वाचा हेच त्याला आतून कळेना.

फिनिआस गेज तर सगळ्यांना माहीत असतो. १८४८, अमेरिकेत व्हरमाँटमध्ये रेल्वेचं काम, सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि साडेतीन फुटांहून लांब लोखंडी पहार गालातून घुसून कवटीच्या वरून बाहेर. वाचला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर हार्लोने लिहून ठेवलं की त्याचे ओळखीचे लोक म्हणायचे, हा आता गेज राहिला नाही. गोष्ट नेहमी इथेच संपवतात, आणि मला त्याचाच प्रॉब्लेम आहे. कारण हाच गेज पुढे चिलीला गेला आणि तिथे काही वर्षं घोडागाडी हाकायचं काम केलं. अनेक घोडे एकाच वेळी सांभाळायचे, प्रवासी, वेळापत्रक, परका देश. तापट आणि बेजबाबदार झालेल्या माणसाला हे जमलं असतं का? म्हणजे बरीच सुधारणा झाली असणार असं आता अभ्यासक म्हणतात. ठरलेली दिनचर्या आणि ठरलेलं काम याचा त्यात वाटा असावा असाही अंदाज आहे, मला तो पटतो.

आणि भीतीचं बघा. एसएम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका बाईच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा अमिग्डाला, म्हणजे भीतीशी जोडलेला छोटासा भाग, एका दुर्मिळ आजाराने नष्ट झालाय. साप हातात घेतला, भुताच्या घरात पुढे होऊन चालली, आयुष्यात कुणी चाकू लावला तरी घाबरली नाही. सगळ्यांनी ठरवून टाकलं, अमिग्डाला गेला की भीती गेली. मग २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, तिला ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली आणि तिला चक्क पॅनिक अ‍ॅटॅक आला. बाहेरचा धोका तिला घाबरवत नाही पण शरीराच्या आतून आलेला गुदमरण्याचा धोका घाबरवतो. म्हणजे जिला 'निर्भय' म्हणून मोकळे झालो तिच्याही आत भीती होतीच, वाट वेगळी होती.

स्मृती गेलेल्यांचंही तसंच. हिप्पोकॅम्पसला, म्हणजे मेंदूतल्या नव्या आठवणी साठवणाऱ्या भागाला, इजा झालेल्या काही पेशंटना अमेरिकेत आयोवात दुःखी फिल्मच्या क्लिप्स दाखवल्या, थोड्या वेळाने काय बघितलं ते जवळजवळ आठवेना पण उदास तसेच बसून होते. म्हणून 'तिला काय, उद्या आठवणारही नाही' म्हणत पेशंटवर ओरडणाऱ्यांचं मला नवल वाटतं. ओरडल्याचं विसरेल, पण वाईट वाटणं राहील ना.

आता घरच्यांबद्दल, कारण वरचं सगळं वाचून असं वाटेल की मी त्यांनाच झोडपतोय. तसं नाही. नवरा जिवंत आहे, समोर बसलाय, आणि आपण आजारी पडलो तर त्याच्या चेहऱ्यावर काहीच हलत नाही, हे रोज बघणाऱ्या बाईला 'मेंदूमुळे आहे गं' हे कळूनही लागायचं ते लागतंच. कळणं वेगळं. तिला एवढंच सांगेन की उत्साह संपणं, ज्याला डॉक्टर अ‍ॅपथी म्हणतात, ते डिप्रेशनपेक्षा वेगळं असू शकतं आणि दोन्हींवरचे उपाय सारखे नसतात, त्यामुळे तपासणीला जाताना 'चिडतो, रडतो, गप्प असतो' हे कधी, किती वेळ, कशानंतर असं लिहून न्या. पेशंटला विचारलं तर तो 'मी ठीक आहे' म्हणेल, खोटं नाही, बऱ्याचदा स्वतःतला बदल कळण्याची क्षमताही त्याच इजेत गेलेली असते. आणि त्या बाईला भेटायला जाणाऱ्यांनी कृपा करून 'वाचला हेच नशीब' म्हणू नका. ती ते स्वतःला दिवसातून कितीदा सांगत असेल. त्यापेक्षा एक दुपार तिच्या जागी बसा, तिला बाहेर जाऊन येऊ दे.