पिस्तूल पिस्तोइयाचं नव्हे

'इटलीतल्या पिस्तोइया गावात पहिलं पिस्तूल बनलं, म्हणून त्याचं नाव पिस्तूल. इंग्रजांनी तो शब्द आपल्याला दिला. आपला अस्सल देशी शब्द मात्र तमंचा!' हा निरोप मला आतापर्यंत तीन ग्रुपांवर आलाय. तीन विधानं, तिन्ही कच्ची.

पिस्तोइयाची गोष्ट निदान जुनी आहे. सोळाव्या शतकात हेन्री एस्तिएन या फ्रेंच पंडिताने ती सांगितली. पण त्याच्या सांगण्यात गावाचं नाव आधी तिथल्या छोट्या खंजिराला मिळालं, मग छोट्या बंदुकीला, मग छोट्या नाण्याला. पहिलं पिस्तूल तिथे घडलं, हे निरोपवाल्यांनी वरून घातलेलं मीठ.

मला पटतो तो चेक शब्द 'पीश्त्याला'. अर्थ पावा, शिट्टी, नळी. १४१९ ते १४३४ या काळातल्या हुसाइट युद्धांत (यान हुस या धर्मसुधारकाच्या अनुयायांच्या लढायांत) बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशातले, शेतकरी गाड्यांचा कोट करून त्याआडून हातातल्या नळ्यांनी चिलखती सरदारांना टिपत. त्या नळीबंदुकीचं हे नाव. (बंदुकीच्या बॅरलला आपणही नळीच म्हणतो.) याच युद्धांतल्या 'होउफ्नित्से' या तोफेवरून इंग्रजीतला 'हॉवित्झर' आला, म्हणजे चेक हत्यारांची नावं युरोपभर फिरली हे उघड आहे. आक्षेप एकच, आणि तो रास्त आहे: पीश्त्याला दांड्यावर बसवलेली लांब नळी होती, एका हाताने चालवायचं हत्यार नव्हे. पण हत्यार बदललं तरी नाव टिकतं. सोळाव्या शतकात चाकाच्या चापाने ठिणगी पाडणारी बंदूक आली, पेटत्या वातीची कटकट गेली, आणि नळी कमरेला खोचण्याइतकी आखूड झाली.

आता इंग्रजांचं. इंग्रजी 'ट' मराठीत सहसा 'ट'च राहतो: स्टेशन, टेबल, हॉस्पिटल. पोर्तुगिजांकडून आलेल्या शब्दांत तो बहुधा 'त' होतो: काडतूस, मिस्त्री, इस्पितळ. हॉस्पिटल आणि इस्पितळ शेजारी ठेवा, मग पिस्टल आणि पिस्तूल. पोर्तुगीज शब्द 'पिस्तोला' आहे. (बटाटा पोर्तुगीज असूनही नियम मोडतो, हे मान्य.)

आणि 'अस्सल देशी' तमंचा? तो तुर्की-फारसी. फारसीत 'तपांचा' म्हणजे पिस्तूलही आणि थप्पडही. तमाचा त्याचाच भाऊबंद.