चालता चालता बंद पडणारी गाडी आणि फ्युएल पंपावरचा आरोप : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुन्या गाडीचे अधूनमधून बंद पडणे आणि चढावर जोर सोडणे या विषयावरच्या माझ्या लेखावर आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी दोन-तीनदा नीट वाचली. इतर वाचकांसाठी तिचा आशय थोडक्यात देतो. आपले म्हणणे असे, की पहिल्याच दिवशी फ्युएल पंप (टाकीतले पेट्रोल इंजिनकडे ढकलणारा विजेचा पंप) बदलला असता तर माझे पाच आठवडे वाचले असते. आपल्या गाडीची लक्षणे अगदी हीच होती आणि गेल्या जूनच्या दुसऱ्या आठवड्यात नवा पंप बसवल्यापासून ती एकदाही बंद पडलेली नाही. नागपूरच्या ४५ अंशांत आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर जुन्या गाड्या अशाच वागणार. आणि पेट्रोलच्या लाइनला प्रेशर गेज (दाब दाखवणारे मीटर) जोडून, ते समोरच्या काचेवर चिकटवून गाडी चालवण्याचा माझा सल्ला धोक्याचा आहे.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तिथे आपले पूर्णपणे बरोबर आहे आणि माझी चूक आहे. एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी प्रत्येक सिलिंडरला इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीच्या लाइनमध्ये साधारण ३ बार दाबाने पेट्रोल असते. गेज जोडण्यासाठी बसवलेल्या तात्पुरत्या टी-जॉइंटवरची एक क्लिप ढिली झाली, तर ते पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर कारंज्यासारखे उडू शकते. तो परिच्छेद मी लेखातून काढून टाकला आहे. दाब मोजायचाच असेल तर गाडी उभी असताना, मोकळ्या जागी, अग्निशामक हाताशी ठेवून आणि माहीतगार माणसाकडूनच मोजावा. धावत्या गाडीत मी आता वेगळी पद्धत सुचवतो : पंपाच्या कनेक्टरपासून दोन बारीक तारा, त्यांतल्या पॉझिटिव्ह तारेत छोटा फ्यूज घालून, आत आणाव्यात, त्यांना मल्टीमीटर (व्होल्ट आणि ओहम मोजणारे मीटर) लावावा आणि शेजारी बसलेल्या व्यक्तीने आकडा वाचावा. मल्टीमीटर नसेल तर डॅशबोर्डच्या मीटरमधला छोटा १२ व्होल्टचा बल्बही चालतो. त्याने दाब कळत नाही आणि व्होल्टेज किती कमी झाले हेही नीट कळत नाही, पण गाडी बंद पडली त्या क्षणी पंपाला वीज होती की नव्हती एवढे कळते, आणि बहुतेक वेळा तपासाला दिशा मिळायला तेवढे पुरते.

आता मुख्य मुद्दा. माझी आणि आपली लक्षणे ‘अगदी हीच’ होती असे आपण लिहिता, पण माझ्या गाडीत दोन वेगळी लक्षणे होती आणि ती वेगळी आहेत हे समजायलाच मला पाचांपैकी तीन आठवडे लागले. पहिले लक्षण असे, की बुटीबोरीकडून वर्धा रोडने दुपारी परतताना, चाळीस-पन्नास मिनिटे गाडी चालल्यानंतर, इंजिन एकाएकी बंद व्हायचे, जणू कुणीतरी किल्लीच फिरवली. ना झटका, ना फटफट. वीस-पंचवीस मिनिटांनी पहिल्या सेल्फला पुन्हा सुरू. दुसरे लक्षण असे, की उड्डाणपुलाच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये एक्सलरेटर दाबला की गाडी अडखळायची, पिकअप जायचा आणि पाय उचलला की सावरायची. पण त्या अवस्थेत ती कधी बंद पडली नाही.

पेट्रोल कमी पडून मरणारे इंजिन सहसा धडपडत मरते. लाइनमधला दाब उतरायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ गाडी झटके मारते आणि मग थांबते. किल्ली फिरवल्यासारखे तत्क्षणी थांबणे हे बहुधा विजेच्या बाजूचे लक्षण असते : क्रँक सेन्सर (इंजिन फिरते आहे हे ओळखून कळवणारा), मुख्य रिले (विजेवर चालणारा स्विच), इग्निशन स्विच किंवा एखादी अर्थिंग (वीज गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी). म्हणून त्या क्षणी आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे दाखवणारा) काटा काय करतो ते पाहावे. माझ्या गाडीत सेल्फ मारताना निरोगी अवस्थेत काटा थोडा उचलला जातो. गाडी बंद पडल्यावर सेल्फ मारत असताना मात्र तो शून्यावर मेल्यासारखा पडून असायचा. आपल्या गाडीत काटा मुळातच हलत नसेल तर ही खूण उपयोगाची नाही, तेव्हा गाडी ठीक असतानाची तिची सवय आधी पाहून ठेवावी.

आणि इथेच पंपावरचा आरोप कसा तयार होतो ते सांगतो, कारण ही गोष्ट मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत किल्ली ऑन केली की ईसीएम (इंजिन चालवणारा छोटा संगणक) पंपाला दोन-तीन सेकंद वीज देतो. त्यानंतर इंजिन फिरत असल्याचा संकेत क्रँक सेन्सरकडून आला नाही, तर सुरक्षिततेसाठी तो पंप बंद ठेवतो. म्हणजे सेन्सर गप्प झाला की पंपही गप्प होतो. अशा वेळी मिस्त्री टाकीपाशी कान लावतो, सेल्फ मारत असताना पंपाचा आवाज येत नाही, आणि निदान होते : पंप गेला. मी ज्या गॅरेजमध्ये गेलो होतो तिथेही हेच निदान झाले होते. मिस्त्र्याच्या कानावर माझा अविश्वास नाही. त्याने ऐकले ते खरेच होते. फक्त पंपाची शांतता हे कारण नव्हते, परिणाम होता. किल्ली ऑन केल्यावर ती पहिली दोन-तीन सेकंदांची घरघर येते का, एवढे जरी आधी ऐकले असते तरी संशय दुसरीकडे वळला असता. त्यातून पंप बदलायला दीड-दोन तास जातात, तेवढ्या वेळात तापलेला सेन्सर थंड होतो, गाडी सुरू होते, आणि श्रेय नव्या पंपाला मिळते.

माझ्या गाडीचा क्रँक सेन्सर दोन तारांचा, कॉइलचा आहे. सकाळी थंड असताना त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) ८५० ओहमच्या आसपास यायचा, आणि गाडी बंद पडल्याबरोबर, बॉनेट उघडून, हात भाजत मोजला तेव्हा मीटरने सर्किट तुटल्याचे दाखवले. थंड पाणी हळूहळू ओतल्यावर तीन-चार मिनिटांत आकडा परत आला आणि गाडी सुरू झाली. आतली तार कुठेतरी चिरलेली होती आणि उष्णतेने प्रसरण पावली की ती चीर उघडत असावी. थंड गाडीवर हा दोष शंभर वेळा मोजला तरी सापडला नसता. (तीन तारांच्या, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या हॉल प्रकारच्या सेन्सरला ही ओहमची चाचणी लागू पडत नाही, त्याला ओहममीटर लावू नये.)

चढावरचे जोर सोडणे मात्र पेट्रोलच्या बाजूचे होते, आणि तरीही पंप निर्दोष होता. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट, आणि पंपाच्या कनेक्टरवर जेमतेम १०. उरलेले व्होल्ट कुठे गेले हे शोधताना पॉझिटिव्ह बाजूला काही विशेष सापडले नाही. अर्थिंगच्या बाजूला, मागच्या सीटखालच्या गंजलेल्या बोल्टवर, ३ व्होल्टहून अधिक अडकलेले होते. तो बोल्ट घासून, तारेच्या टोकाला नवा लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावून घट्ट केल्यावर ही घट ०.१ व्होल्टवर आली आणि पुलाचा चढ गाडीने तक्रार न करता ओलांडला. या गंजलेल्या अर्थिंगवर मी नवा पंप बसवला असता, तर तोही उपाशीच राहिला असता.

उन्हाबद्दल. मे महिन्यात नागपूरच्या डांबरावर उभ्या गाडीच्या बॉनेटखाली काय होत असेल हे इथल्या माणसाला सांगायला नको. पण ऊन दोष निर्माण करत नाही, लपलेला दोष उघडा करते. त्याच उन्हात त्याच वयाच्या हजारो गाड्या धावत असतात. आणि सेन्सर तापाने खोटे बोलू शकतो, याचे उदाहरण आपल्या शहराने साऱ्या देशाला दाखवले आहे : ३० मे २०२४ रोजी इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंशांची नोंद केली, बातम्या देशभर पसरल्या, आणि मग हवामान खात्यानेच सेन्सर बिघडल्याचे स्पष्ट केले. तिथे शेजारच्या केंद्रांशी आकडा ताडून पाहिला गेला. गाडीतही तेच करावे लागते.

इथेनॉलवरचा आपला राग मी समजू शकतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिश्रणावर मायलेज घटणे स्वाभाविक आहे. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनलेले नाहीत, आणि इथेनॉल पाणी शोषते. म्हणून फिल्टर आणि पाइप जरूर तपासावेत. परंतु वीस मिनिटे सावलीत थांबून पहिल्या सेल्फला सुरू होणाऱ्या गाडीचा दोष त्याच टाकीतल्या त्याच पेट्रोलवर ढकलता येत नाही.

राहिला आपला अनुभव, आणि तो मी नाकारत नाही. आपण तारीख दिलीत म्हणून एक विचारतो : जूनचा दुसरा आठवडा. पाऊस नागपुरात साधारण त्याच सुमारास येतो आणि पारा आठ-दहा अंश खाली उतरतो. नवा पंप बसवल्यानंतर आपल्या गाडीने अजून एकही मे महिना पाहिलेला नाही. माझी गाडीही मागच्या वर्षी जुलैपासून मार्चपर्यंत एकदाही बंद पडली नव्हती, आणि त्या काळात मी काहीच बदलले नव्हते. अधूनमधून येणारा दोष दिसेनासा झाला म्हणजे गेला असे मी मानत नाही. ज्या परिस्थितीत तो यायचा, तीच परिस्थिती पुन्हा आणून तो आला नाही, तरच मानतो. वर्धा रोडवर मागून भरधाव ट्रक येत असताना इंजिन बंद पडले, की स्टीअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंतच उरते. हे माझ्या पत्नीच्या हाती गाडी असताना एकदा घडले आहे, म्हणून मी या बाबतीत इतका हट्टाने लिहितो.

काढलेला जुना पंप आपल्याकडे अजून असेल तर तो फेकू नका. मार्च संपण्यापूर्वी आपल्या गाडीच्या क्रँक सेन्सरचा थंड रोध आणि पंपाच्या कनेक्टरवरचे व्होल्ट मोजून लिहून ठेवा, आणि एप्रिलच्या शेवटी, एखाद्या दुपारी बुटीबोरीला जाऊन आल्यावर, तेच दोन आकडे पुन्हा घ्या. ते मला कळवा. माझे म्हणणे चुकीचे ठरले तर मूळ लेखात आपले आकडे घालून मी तशी दुरुस्ती करीन.