ताक पाजून कुत्रं शांत होत नाही, हे खरं. पण पोट तपासाच

नमस्कार भाऊ,

कुत्रं चावरं का होतं, याचं कारण पोटातही शोधा, असं मूळ लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "पोटातल्या जंतूंनी कुत्रं चावरं होतं, हे थोतांड आहे. 31 कुत्री बघून कुणी सिद्धान्त मांडतं का? चाकूरकडं (लातूर) कारवान, म्हणजे आपलं देशी शिकारी कुत्रं, पिढ्यान् पिढ्या दूध-भाकरीवर वाढलं. आमच्या कुत्रीला पंधरा दिवस ताक पाजलं, गुरगुरणं तसंच राहिलं, वर हगवण लागली."

31 चा मुद्दा मान्य. 2019 चा तो 31 कुत्र्यांचा अमेरिकेतला अभ्यास एकाच ठिकाणाहून सोडवून आणलेल्या पिटबुल वळणाच्या कुत्र्यांवरचा आहे. त्यातही पाहिलं गेलं ते दुसऱ्या कुत्र्यावर धावून जाणं, माणसाला चावणं नव्हे. हे मूळ लेखात ठळक लिहायला हवं होतं. धावून जाणाऱ्या आणि शांत कुत्र्यांच्या विष्ठेतले जंतू वेगळे निघाले, एवढंच त्यातून कळतं. जंतूंमुळे स्वभाव बिघडला, की सततच्या ताणाने आतडं बिघडून जंतू बदलले, हे ठरत नाही.

ताकाचं मात्र नीट बघा. त्याच अभ्यासात धावून जाणाऱ्या कुत्र्यांत लॅक्टोबॅसिलस जास्त होते. 2020 मध्ये इटलीतल्या 42 कुत्र्यांच्या अभ्यासात ते भित्र्या कुत्र्यांत जास्त सापडले. म्हणजे दही-ताकातल्या जंतूंचीच भावकी! "चांगले जंतू पाजा, कुत्रं निवळेल" हा हिशेब इथंच मोडतो. एका कंपनीने 24 भित्र्या लॅब्राडॉरना बिफिडोबॅक्टेरियम या जंतूचा एक ठरावीक वाण 6 आठवडे देऊन फरक दाखवला, पण उत्पादनही तिचंच. आणि तो वाण ताकात मिळत नाही.

हगवण का लागली, तर वाढत्या वयात कुत्र्याच्या आतड्यातलं दुधाची साखर पचवणारं लॅक्टेज कमी होतं. न पचलेली साखर पाणी ओढते, मोठ्या आतड्यात आंबते, पोट फुगतं. ताकात ती दुधापेक्षा कमी असते, तरी एकदम वाटीभर दिलं की पुरे होते. आता ताक बंद करा.

तरीही "पोटाचा काही संबंध नाही" हे मान्य नाही. जंतू बाजूला ठेवा, दुखणं धरा. 2012 मध्ये कॅनडात भिंती-फरशी सतत चाटणारी 19 कुत्री तपासली, त्यातल्या 14 जणांना पचनसंस्थेचा आजार निघाला. ती सवय समजली जात होती! दुखणाऱ्या पोटाला हात लागला की कुत्रं गुरगुरतं, आणि आपण त्याला माजलंय म्हणून साखळीला बांधतो. हा अन्याय थांबावा म्हणूनच मूळ लेख होता.

आखाड्यावरच्या (शेतातल्या वस्तीवरच्या) कुत्र्याला बहुतेकदा संध्याकाळी एकदाच भरपेट मिळतं. मग पुढचे 22-23 तास पोटात काही पडत नाही. पहाटे पिवळा फेस ओकणं, गवत खाणं, आणि नेमकं जेवणाच्या आधीच्या तासात ताटलीजवळ कुणी आलं की दात दाखवणं, असं तिन्ही दिसलं तर आधी वेळ बदला. तेवढंच अन्न तीन वेळा विभागून द्या, शेवटचा घास रात्री झोपताना.

14 दिवस वहीत टिपा: गुरगुरली ती वेळ, त्याआधी कधी खाल्लं, विष्ठा घट्ट की पातळ, शेंब आहे का. पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरून ती वारंवार थांबत असेल, तर ते पोटदुखीचं लक्षण समजा. खाणं बदलायचं तर 8 दिवसांत: दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. भाकरीसोबत उकडलेलं अंडं, आणि 15-20 किलोच्या कुत्रीला एक-दोन चमचे शिजवलेला लाल भोपळा. कांदा-लसणाचं उरलेलं कालवण अजिबात नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. हे सगळं एकाच दिवशी सुरू करू नका, कशाने फरक पडला तेच कळत नाही.

हगवणीला मेडिकलवरून मेट्रोनिडॅझोल (जंतू मारणारी गोळी) आणून देण्याची रीत सोडाच. निरोगी कुत्र्यांना 2 आठवडे ते दिलं, तर बंद करून 4 आठवडे झाले तरी फ्युझोबॅक्टेरिया हा आतड्यातल्या जंतूंचा गट पूर्ववत झाला नव्हता. 31 कुत्र्यांच्या त्या अभ्यासात शांत गटात जास्त होते ते हेच जंतू. गोळीने कुत्रं चावरं होतं असा याचा अर्थ नाही. पण लागेल तेव्हाच, वजनावर मोजून, डॉक्टरांच्या हातूनच द्यावी. जंताचं औषधही वजनावरच.

उदगीर किंवा परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेणार असाल तर ताजी विष्ठा स्वच्छ डबीत आणि ती वही सोबत न्या. गोचीड असतील तर तेही सांगा. गोचीडतापाने अंग दुखणारी कुत्रीसुद्धा हात लावू देत नाही.

एक गोष्ट या सगळ्याच्या आधी. स्वभाव दोन-चार दिवसांत एकदम पालटला, लाळ गळते, गिळता येत नाही, आवाज बदलला, तर आहाराचा विचारच करू नका. तोंडात हात घालू नका, लेकरांना लांब ठेवा, लगेच पशुवैद्यांना कळवा. पिसाळी (रेबीज) असू शकते. कुणाला चावली असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस सुरू करा.