मुलाखत, अंबाडा आणि तुमचे तीन आक्षेप

नमस्कार,

मुलाखतीला जाताना लांब केस कसे बांधावेत, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी काल रात्री वाचली आणि आज सकाळी पुन्हा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘मोकळे केस मुलाखतीत बरे दिसत नाहीत’ हे माझं वाक्य म्हणजे बाईच्या दिसण्यावर पहारा ठेवणारा जुनाच विचार आहे. मी सांगितलेला घट्ट अंबाडा घालून तुम्ही अर्धा दिवस काढलात तर डोकं ठणकायला लागलं, आणि कमरेपर्यंतच्या केसांचा तो अंबाडा टिकलाही नाही. शिवाय लांब केस ठेवणाऱ्या पुरुषांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही. जाता जाता तुम्ही लिहिलंत की येत्या गुरुवारी तुमची मुलाखत आहे. म्हणून घाईने दोन ओळी खरडण्यापेक्षा नीट बसून लिहिते आहे.

ते वाक्य मी मागे घेते. लेखातून काढूनही टाकलं आहे. ‘बरं दिसत नाही’ असं लिहिताना कुणाला बरं दिसत नाही, हे मी स्वतःला विचारलंच नाही. ही आवडनिवड वरवर साधी वाटते, पण तिच्यापायी माणसांच्या नोकऱ्या गेल्या आहेत. २०१० साली अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एका तरुणीला नोकरी देऊ केली होती. तिने आपले ड्रेडलॉक्स, म्हणजे जटांसारखे वळलेले केस, कापायला नकार दिला आणि ती नोकरी काढून घेतली गेली. प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०१६ मध्ये अपिलातही निकाल तिच्या बाजूने लागला नाही. पुढे २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला, की वंशाशी जोडलेल्या केसांच्या पोतावरून किंवा केशरचनेवरून नोकरीत भेदभाव करता येणार नाही. क्राउन अ‍ॅक्ट म्हणतात तो हाच. नंतर तिथल्या इतरही अनेक राज्यांनी तसे कायदे केले. म्हणजे केसांवरून माणसाची लायकी ठरवणं हा अन्याय आहे, हे कायद्यात लिहून घ्यावं लागलं. अशा वेळी मी सहज एक वाक्य टाकून त्याच पारड्यात वजन घातलं. तुम्ही ते दाखवून दिलंत, त्याबद्दल मनापासून आभार.

पण केस बांधावेत, या सल्ल्यावर मी अजूनही ठाम आहे. फक्त त्याचं खरं कारण मी लेखात सांगायला हवं होतं, ते आता सांगते.

माझ्या एका मुलाखतीत मी केस मोकळे सोडले होते. छान धुतलेले, विंचरलेले, दोन्ही खांद्यांवर घेतलेले. समोर तिघं बसले होते. तिसऱ्या की चौथ्या प्रश्नाला त्यांनी एक कागद पुढे सरकवला आणि त्यातले आकडे समजावून सांगायला सांगितलं. मी कागदावर वाकले तर उजवीकडची बट सरळ डोळ्यांवर आली. मी ती कानामागे टाकली. पुन्हा वाकले, पुन्हा आली. तिसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा समोरच्या बाईंची नजर माझ्या हाताबरोबर वर गेली आणि हाताबरोबर खाली आली. त्या क्षणी मी काय बोलत होते ते निसटलं. पुढचं वाक्य जुळवायला किती वेळ लागला कुणास ठाऊक, पण ती शांतता मला आजही आठवते. माझे केस कसे दिसतात याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. माझं लक्षच फुटलं होतं.

म्हणून माझी कसोटी एवढीच आहे: मुलाखत चालू असताना हात एकदाही केसांकडे जाता कामा नये. ज्यांचे केस मोकळे सोडूनही जागचे हलत नाहीत, त्यांनी खुशाल मोकळे सोडावेत. अर्धे केस मागे घेऊन क्लचर लावला आणि चेहऱ्यावर काही येत नसेल, तर तेही उत्तम. हे ओळखायचं कसं, तर फोन समोर उभा करून स्वतःचा दहा मिनिटांचा व्हिडिओ काढायचा. मुलाखतीतले प्रश्न स्वतःला विचारून मोठ्याने उत्तरं द्यायची, मध्ये कागदावर वाकून दोन ओळी लिहायच्या, मग पाहताना हात किती वेळा वर गेला ते मोजायचं. आपल्याला वाटतं त्यापेक्षा तो फार जास्त वेळा जातो.

काही कामांत मात्र केस बांधणं हा आवडीनिवडीचा प्रश्नच नसतो. २०११ मध्ये येल विद्यापीठाच्या कार्यशाळेत एका विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या कातकामाच्या यंत्रात, अडकले आणि ती जिवाला मुकली. यंत्रं, प्रयोगशाळा, स्वयंपाकघर, रुग्णसेवा अशा कामाची मुलाखत असेल आणि कामाची जागाही दाखवणार असतील, तर केस पूर्ण बांधूनच जा. शेपटा पाठीवर लोंबकळता ठेवू नका.

आता अंबाड्याबद्दल. इथे माझी चूक नुसत्या शब्दांची नव्हती. ‘घट्ट’ हा सल्लाच चुकला. टाळूवर बाहेरून ताण पडला की होणाऱ्या डोकेदुखीला डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात स्वतंत्र जागा आहे, आणि ताण काढल्यावर ती तासाभरात थांबते असं तिथे नोंदवलेलं आहे. तुमचं डोकं ठणकलं ते हेच. रोजच्या रोज असे ओढून बांधले तर कपाळाजवळचे केस विरळ होत जातात, ते वेगळंच. २०२१ मध्ये अमेरिकेच्या लष्करानेसुद्धा महिला सैनिकांना पोनीटेल बांधायची मुभा दिली. अंबाड्यावर हेल्मेट नीट बसत नाही आणि सतत घट्ट बांधून केस खराब होतात, ही कारणं त्यामागे होती. शिस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी हे पटलं, मग मी तरी घट्टपणाचा हट्ट कशाला धरू?

तुमचा अंबाडा टिकला नाही, कारण कमरेपर्यंतच्या केसांचं सगळं वजन एका रबरावर आलं. आधी उंच पोनी, मग पीळ देऊन गुंडाळी, अशा अंबाड्यात वजन मागे खेचत राहतं आणि तासाभरात तो मानेवर उतरतो. तुमच्या लांबीला दोन वेण्यांचा अंबाडा करून बघा. मानेच्या वर, केसांच्या मुळांपासून दोन बोटं अंतर सोडून शेजारी शेजारी दोन सैल तिपेडी वेण्या घाला. उजवी वेणी डावीकडे नेऊन तिथेच पिनांनी बसवा, मग डावी तिच्यावरून उजवीकडे आणा आणि टोक आत खोचा. वजन दोन्हीकडे वाटलं जातं आणि एक पिन सुटली तरी बाकीचं जागेवर राहतं.

पिना लावायची पद्धतही लेखात राहून गेली. यू-पिन सरळ आत खुपसली की ती हळूहळू बाहेर येते. आधी तिची टोकं बाहेरच्या दिशेने धरून अंबाड्याच्या कडेचे थोडेच केस पकडायचे, मग पिन उलटी फिरवून टाळूला लागून अंबाड्याच्या मध्याकडे ढकलायची. नीट बसली की हाताला कळतं: किंचित अडकल्यासारखी होते आणि डोकं जोरात हलवलं तरी जागची हलत नाही. काळ्या पिनेची एक बाजू सरळ आणि एक नागमोडी असते, ती नागमोडी बाजू टाळूकडे. कित्येक जणी ती उलटी लावतात आणि पिन घसरते म्हणून एकाच्या जागी चार खोचतात.

पुरुषांबद्दल लिहिलं नाही, हे खरंच राहून गेलं आणि राहायला नको होतं. कसोटी तीच. खांद्यापर्यंतचे केस असतील तर मानेवर खाली बांधलेली पोनी, साधं काळं रबर, आणि कानाजवळच्या आखूड बटा थोडं जेल लावून मागे. ‘मुलाखतीपुरते तरी काप’ असं त्यांना घरचे-बाहेरचे सगळेच सांगतात. मी सांगणार नाही. केस महिन्याला जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. एका सकाळच्या भीतीपोटी कापलेले केस परत यायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि एवढं करून ती नोकरी मिळेलच असंही नाही.

मुलाखत व्हिडिओवर असेल तर एक गोष्ट वेगळी सांभाळायची. वायरच्या इअरफोनचा माइक गालाशी, खांद्याशी लोंबत असतो. मोकळे केस त्यावर घासले की पलीकडे सतत खरखर ऐकू येते आणि आपल्याला पत्ताही नसतो. केस मागे घ्या, नाहीतर माइक दूर ठेवा.

तुमच्या गुरुवारसाठी एवढंच: केस बुधवारी संध्याकाळीच धुवा. गुरुवारी सकाळी धुतलेले केस इतके निसरडे असतात की त्यात पिना टिकत नाहीत, आणि ओलसर केसांचा अंबाडा आतून दुपारपर्यंत वाळत नाही, जड होऊन ओढत राहतो. त्याआधी, शक्यतो रविवारीच, दोन वेण्यांचा अंबाडा एकदा घालून तीन तास घरात वावरा. जिने चढा-उतरा, उंच पाठीच्या खुर्चीला डोकं टेकून बघा. कुठेही ओढल्यासारखं वाटलं तर ती वेणी सोडून अर्ध्या बोटाने सैल घाला. पर्समध्ये चार जादा पिना आणि एक रबर असू द्या. रविवारी जमलं नाही तर इथेच लिहा. नेमकं कुठे सुटतं ते सांगितलंत, तर बुधवारच्या आत मी उत्तर देते.