थंड इंजिन, तापलेलं डोकं

परत तेच! एल-जेट्रॉनिकची, म्हणजे बॉशच्या जुन्या इलेक्ट्रॉनिक पेट्रोल इंजेक्शनची, थंड गाडी सुरू केली की आयडलिंग (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) चढतं, पडतं, आचके देतं आणि इंजिन बंद. यावर जाणकारांचं निदान काय? "आयडलचा स्क्रू जरा फिरवा." अहो, तो स्क्रू गरम इंजिनासाठी! थंडपणी लागणारी जादा हवा ऑक्झिलरी एअर व्हॉल्व्ह देतो. थंड असताना त्याचा होज दाबून बघा, आरपीएम पडायला हवेत. गरम झाल्यावर दाबा, फारसा फरक पडता कामा नये. झाली तपासणी! पण नाही. आधी इंजेक्टर बदला, मग पंप, मग "ईसीयू गेला असेल हो," म्हणजे इंजेक्शन चालवणारा कॉम्प्युटर.

एल-जेट्रॉनिक १९७४ सालचं. इतक्या वर्षांत कूलंटच्या टेंपरेचर सेन्सरला मल्टिमीटर लावायला कुणाचे हात दुखतात? २० अंशांना अडीच किलोओमच्या आसपास, ८० अंशांना साधारण तीनशे ओम. कनेक्टर गंजला की रेझिस्टन्स वाढतो, बिचाऱ्या ईसीयूला वाटतं आपण ध्रुवावर आलोय, आणि तो पेट्रोल ओतत सुटतो. तडकलेला व्हॅक्यूम होज? तेलाच्या झाकणाचं कडक झालेलं रबर? (हो, तिथूनही न मोजलेली हवा आत जाते आणि पेट्रोलचं गणित चुकतं!) ते कोण बघणार? स्वस्त आहे ना, मग ते कारण कसं असेल!

आणि कहर म्हणजे, कुणाला दाखवेपर्यंत इंजिन तापतं. "आता तर मस्त चाललीय!" चालणारच, गरम आहे ना! परत पूर्ण थंड व्हायला रात्र जाईल. थांबताय?