मान आखडून घ्यायचीय? मग हे कराच

काही लोकांना वाटतं आयटीत नोकरी लागली की मान आपोआप आखडते. असं काही नसतं हो, त्याला रोजची मेहनत लागते.

आधी जागा नीट निवडा. घरात टेबल-खुर्ची असेल तर त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवा आणि तुम्ही दिवाणावर बसा, पाठीला उशी लावा, ती अर्ध्या तासात घसरते मग कंबर अधांतरी राहते आणि आपण हळूहळू अर्धवट झोपलेल्या अवस्थेत मीटिंग अटेंड करतो, कॅमेरा बंद असल्याने कुणाला काही कळत नाही. लॅपटॉप मांडीवरच हवा. माणसाचं डोकं साधारण ५ किलोचं, पण मान ६० अंशात खाली घातली की मणक्यावर जवळपास २७ किलोचा भार येतो असा हिशोब न्यूयॉर्कच्या एका स्पाइन सर्जनने २०१४ मध्ये मांडला होता. जिमची फी भरून कोण एवढं उचलतं? इथे फुकट!

मुळात लॅपटॉप बनवणाऱ्यांनीच आपली सोय केलीय. स्क्रीन नि कीबोर्ड एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे स्क्रीन डोळ्यांसमोर आणली तर हात वर टांगायचे, हात खाली आणले तर मान वाकवायची, कोणीतरी एक दुखणारच. आता पाच-सहाशे रुपयांचा वेगळा कीबोर्ड-माउस घेतला की प्रश्न मिटतो म्हणे, पण उगाच खर्च कशाला? फोनचा ईएमआय चालू आहे ना अजून.

तरी कुणी कीबोर्ड गिफ्ट दिलाच तर मागचे ते दोन छोटे पाय लगेच उभे करा, त्याने मनगट वरच्या बाजूला छान मुडपतं, शिवाय ते टेबलाच्या कडेवर दाबून ठेवा. काही महिन्यांत रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागतील. करंगळीला येत नाहीत, तिची नस वेगळी. म्हणजे अगदीच सगळं गेलं असं नाही. हात झटकायचा आणि झोपायचं, डॉक्टरकडे जायला प्रोजेक्ट संपू दे की.

डोळ्यांचं म्हणाल तर दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघायला सांगतात. हे सांगणाऱ्यांनी आमची सोसायटी बघितलेली नाही. २० फुटांवर समोरच्या विंगचं किचन आहे, दोनदा बघितलं की काकू खिडकी लावून घेतात. त्यापेक्षा स्क्रीनकडेच एकटक बघावं, पापण्या लवणं एरवीच्या निम्म्याहूनही कमी होतं म्हणतात, वर एसीचा झोत तोंडावर घ्या, संध्याकाळपर्यंत डोळे असे लाल होतात की मॅनेजरला वाटतं पोरगं कामात जीव ओततंय. (अप्रेझलमध्ये याचा उपयोग होत नाही, ते वेगळं.)

उठायचं मात्र अजिबात नाही. पाण्याची दोन लिटरची बाटली शेजारी ठेवा, आणि ती पिऊ नका, नाहीतर उठावं लागतं.

एवढं करून मानेला पट्टा लागला की एक घोळ होतो, मान खाली जातच नाही, त्यामुळे झक मारत लॅपटॉपखाली जुने दिवाळी अंक रचून स्क्रीन वर घ्यावी लागते. घाबरू नका. कीबोर्ड तेवढा वेगळा घेऊ नका, लॅपटॉपचाच वापरा, कोपर हवेत ठेवून टाइप करत रहा, पुढच्या महिन्यात फिजिओकडे खांदा घेऊन जाता येईल.